वेदना, इच्छा, विश्वास: यांचे अस्तित्व नाकारता येते का?

प्रश्न: महाल, भौतिकशास्त्राचा शिक्षक

नमस्कार. मी नागपूरच्या महाल भागातील एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. तत्त्वज्ञानाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. तरी काही महिन्यांपासून एका प्रश्नाने मला धरून ठेवले आहे आणि ज्यांनी यावर गांभीर्याने विचार केला आहे त्यांचे मत मला हवे आहे.

उष्णतेचे प्रकरण शिकवताना मी मुलांना कॅलरिकची हकीकत सांगतो. उष्णता हा एक वजनरहित द्रव असून तो गरम वस्तूतून थंड वस्तूत वाहतो, असे अठराव्या शतकातील मोठमोठे शास्त्रज्ञ मानत असत. लव्हाझिएने १७८९ मधील आपल्या मूलद्रव्यांच्या यादीत कॅलरिकला स्थान दिले होते. पुढे १७९८ मध्ये रम्फर्डने, म्युनिकच्या शस्त्रागारात तोफेची नळी कोरताना निघणारी उष्णता संपता संपत नाही, हे दाखवले. नंतर जूलचे प्रयोग झाले आणि कॅलरिक नावाचा पदार्थ जगात नाही हे सर्वमान्य झाले.

तत्त्वज्ञ पॉल चर्चलँड यांनी १९८१ च्या एका निबंधात मनाविषयी याच धर्तीची भूमिका मांडली. त्यांचे म्हणणे असे की ‘त्याला असे वाटते’, ‘तिला हे हवे आहे’ ही आपली रोजची बोलण्याची रीत म्हणजे माणसाच्या वागण्याचा खुलासा करणारा एक प्राचीन सिद्धांत आहे. झोप, स्मृती, मनोविकार यांच्याविषयी या सिद्धांताला इतक्या शतकांत काहीही सांगता आलेले नाही. आणि मेंदूविज्ञान पुरेसे पुढे गेल्यावर ‘विश्वास’ व ‘इच्छा’ या गोष्टी कॅलरिकप्रमाणेच यादीतून वगळाव्या लागतील. अलीकडे, विशेषतः २०१६ पासून, कीथ फ्रँकिश यांनी जाणिवेबाबत असाच एक वाद पुढे आणला आहे. लाल रंग पाहताना जे काही ‘आत’ अनुभवाला येते, दाढ दुखताना जे दुखणेपण असते, तो अनुभवाचा खास गुण म्हणजे मेंदूने स्वतःविषयी करून घेतलेला भ्रम आहे, असे ते म्हणतात.

यातील पहिली भूमिका मला चुकीची ठरू शकेल अशी पण समजण्यासारखी वाटते. दुसरी मात्र मला मुळातच अशक्य वाटते. मृगजळात पाणी नसते हे खरे, पण पाण्याचा आभास तर असतो. आभास हाच जर अनुभव असेल, तर ‘अनुभव हा केवळ आभास आहे’ या वाक्यात नाकारलेली वस्तू पुन्हा मागच्या दाराने आत आली, असे होत नाही का? आपल्याकडच्या चार्वाकांनीसुद्धा चैतन्य नाकारले नव्हते. किण्वापासून मद्यशक्ती यावी तसे ते चार महाभूतांच्या संयोगातून उत्पन्न होते आणि देहाबरोबर संपते, एवढेच ते म्हणत. जडवादाचे इतके कठोर पुरस्कर्ते जिथे थांबले, त्याच्याही पुढे जाण्याचे कारण काय असावे? आणि वेदना व विश्वास या दोन्ही गोष्टी ‘मानसिक’ या एकाच नावाखाली आणून एकदमच स्वीकाराव्यात किंवा एकदमच नाकाराव्यात, हे बरोबर आहे का?

उत्तर: धंतोली, भूलतज्ज्ञ

सर, आपल्या प्रश्नाचा एक भाग आमच्या व्यवसायात रोज हाताळावा लागतो, म्हणून लिहितो. तत्त्वज्ञांच्या ग्रंथांबद्दल अधिकाराने बोलण्याची माझी पात्रता नाही. पण जाणीव नाकारली गेली तेव्हा काय घडले, हे आमच्या शास्त्राच्या इतिहासात नोंदलेले आहे.

स्नायू शिथिल करणारे क्युरारे हे औषध १९४२ मध्ये मॉन्ट्रियल येथे हॅरोल्ड ग्रिफिथ यांनी शस्त्रक्रियेत वापरले. त्यानंतर काही डॉक्टरांचा असा समज झाला की या औषधाने रुग्ण बेशुद्धही होतो, कारण ते दिल्यावर रुग्ण हलत नाही, ओरडत नाही, कपाळावर आठीसुद्धा येत नाही. या समजाची परीक्षा करण्यासाठी स्कॉट स्मिथ या भूलतज्ज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून घेतला. त्याला पूर्ण लुळा पाडेल इतके औषध देण्यात आले आणि कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवण्यात आले. १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालाप्रमाणे तो सर्व वेळ पूर्ण शुद्धीवर होता; खोलीत काय बोलले गेले आणि त्याच्या अंगावर काय काय केले गेले, हे त्याने औषध उतरल्यावर सांगितले. बाहेरून पाहणाऱ्याला दिसेल असे कोणतेही वर्तन नव्हते, अनुभव मात्र होता. माझ्या दृष्टीने हा प्रयोग निर्णायक आहे, कारण ‘वेदना म्हणजे वेदनेचे वर्तन’ असे म्हणणाऱ्या कोणालाही त्याचे उत्तर देता येणार नाही.

दुसरे उदाहरण याहून क्लेशकारक आहे. विसाव्या शतकाचा बराच मोठा काळ, अगदी १९८० च्या दशकापर्यंत, नवजात बालकांवरील अनेक शस्त्रक्रिया फारच अपुऱ्या भुलीखाली केल्या जात. त्यांची मज्जासंस्था अपक्व आहे, त्यांना खऱ्या अर्थाने वेदना होत नाहीत, जे दिसते ती केवळ प्रतिक्षिप्त क्रिया आहे, असे त्यामागचे समर्थन होते. डॉ. आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात अपुऱ्या दिवसांच्या ज्या बालकांना शस्त्रक्रियेच्या वेळी फेंटॅनिल हे वेदनाशामक दिले गेले, त्यांच्या शरीरातील ताणाच्या संप्रेरकांची उसळी कमी होती आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही कमी होती. त्यानंतर जगभरची पद्धत बदलत गेली. त्या बालकांना वेदना होत होत्या की नव्हत्या, या प्रश्नाला डॉक्टरांच्या सोयीवर किंवा भाषेच्या रूढीवर अवलंबून नसलेले असे एक खरे उत्तर होते, आणि अनेक वर्षे ते चुकीचे दिले गेले.

तिसरी गोष्ट स्मृतीची. मिडाझोलामसारखे औषध दिलेला रुग्ण प्रक्रिया चालू असताना कण्हतो, हात मागे घेतो, कधी आमच्याशी बोलतो, आणि नंतर त्याला काहीही आठवत नाही. ‘आठवत नाही, म्हणजे झालेच नाही’ असे म्हणणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. वर्तन, स्मृती आणि अनुभव या तीन गोष्टी औषधांनी एकमेकींपासून सुट्या करता येतात. ज्या गोष्टीला बाकीच्या दोहोंपासून वेगळे करता येते, ती गोष्ट मुळात नाहीच, असे मी कसे मानू?

उत्तर: रामदासपेठ, तत्त्वज्ञानाची जुनी विद्यार्थिनी

डॉक्टरांनी दिलेली उदाहरणे फार मोलाची आहेत, परंतु ती ज्या मताविरुद्ध लागू पडतात ते वर्तनवादाचे, म्हणजे मन हे वर्तनच आहे असे मानणारे, मत आहे. फ्रँकिश, किंवा २०२४ मध्ये दिवंगत झालेले डॅनियल डेनेट, वर्तनवादी नाहीत. स्कॉट स्मिथच्या मेंदूत त्या वेळी काहीच घडत नव्हते असे ते म्हणणार नाहीत. त्याचा मेंदू ऐकत होता, स्पर्श नोंदवत होता, भीतीला सामोरा जात होता, पुढे सांगण्यासाठी सारे साठवत होता. वेदनाही होती, आणि ती टाळण्याजोगी व वाईट होती. अनुभवाचा खास गुण हा भ्रम आहे असे मानणारे हे भ्रमवादी नाकारतात ती एकच गोष्ट: या सर्व घडामोडी सांगून झाल्यावरही मागे उरणारा, कोणत्याही मोजमापाला न सापडणारा, फक्त ज्याचा त्यालाच निखालस कळणारा असा एक जादा गुण. नवजात बालकाला भूल का द्यायची, याचे पूर्ण कारण या जादा गुणाशिवायही त्यांच्याजवळ आहे. भ्रमवादाला निर्दय म्हणणे मला अन्यायाचे वाटते, म्हणून हे आधी सांगितले.

आता मूळ प्रश्नकर्त्यांच्या मृगजळाकडे येते. आभास असायला ‘आत’ एखादे चित्र उमटावे लागते आणि ते पाहणारा कोणी असावा लागतो, हे गृहीतच डेनेट यांनी आयुष्यभर खोडून काढले. मृगजळ पाहणाऱ्याचा मेंदू ‘तिथे पाणी आहे’ असा निवाडा करतो, त्याप्रमाणे पाय वळवतो, तहान जागवतो. याखेरीज डोक्यात कुठे पाण्याचे चित्र लटकत असण्याची गरज नाही. त्याचप्रमाणे मेंदू स्वतःच्या अवस्थांविषयी ‘हे काहीतरी अवर्णनीय आणि खाजगी आहे’ असा निवाडा करतो. तो निवाडा चुकीचा असू शकतो. आपण स्वतःच्या आत डोकावून जे सांगतो ते अनेकदा चुकीचे असते, याचे पुरावे कमी नाहीत. पीटर योहान्सन, लार्स हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ‘सायन्स’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना दोन चेहऱ्यांच्या छायाचित्रांतून अधिक आवडलेले निवडायला सांगितले, हातचलाखीने न निवडलेले छायाचित्र त्यांच्या हाती दिले आणि हेच का आवडले असे विचारले. बहुतेकांच्या अदलाबदल लक्षात आली नाही, आणि त्यांनी न केलेल्या निवडीची कारणे मनापासून सांगितली. स्वतःच्या मनाविषयी आपली साक्ष अबाधित आहे, ही समजूत यानंतर टिकवणे कठीण आहे.

वेदनेविषयीही एक विलक्षण अवस्था मेंदूविकारशास्त्राला माहीत आहे. मेंदूच्या विशिष्ट इजेनंतर काही रुग्ण सांगतात की वेदना जाणवते आहे, पण तिचे काही वाटत नाही. सुई टोचली तरी ते हात मागे घेत नाहीत, काही तर हसतात. आपण ज्याला ‘दुखणे’ हा एकसंध, स्वयंस्पष्ट अनुभव समजतो, त्याचे असे तुकडे पडतात. यावरून वेदना नाही असे सिद्ध होत नाही, पण आतून ती जशी वाटते तशीच ती आहे, हा भरवसा मात्र हलतो.

हे सगळे सांगूनही माझे स्वतःचे मत असे आहे की चर्चलँड यांची भूमिका फ्रँकिश यांच्यापेक्षा दुबळी आहे, म्हणजे प्रश्नकर्त्यांच्या नेमकी उलट. विश्वास आणि इच्छा यांच्या भाषेने आपण रोज अचूक अंदाज बांधतो. एखाद्या मैत्रिणीने ‘शनिवारी सकाळी सीताबर्डीला भेटू’ असा निरोप पाठवला, तर तिच्या मेंदूतील एकाही पेशीची माहिती नसताना ती कुठे असेल हे मला आधी सांगता येते. इतके खरे अंदाज देणारा सिद्धांत कॅलरिकच्या पंक्तीत बसवणे मला पटत नाही. डेनेट यांनी विश्वासांना जगात प्रत्यक्ष आढळणारे आकृतिबंध मानले, ते मला योग्य वाटते. मात्र चर्चलँड यांच्याविरुद्ध नेहमी दिला जाणारा ‘विश्वासच नाहीत असा तुमचा विश्वास आहे ना?’ हा आक्षेप कोणीही वापरू नये. त्याचे उत्तर त्यांनी त्याच निबंधात दिले आहे: प्राणतत्त्व मानणारा माणूसही म्हणू शकेल की प्राणतत्त्व नाकारणाऱ्यात प्राणतत्त्व नाही, म्हणून तो मेलेला आहे, म्हणून त्याचे बोलणे निरर्थक आहे. जे सिद्ध करायचे तेच या युक्तिवादात आधी गृहीत धरलेले असते.

उत्तर: इंदोरा, धम्माचा अभ्यासक

या चर्चेत दोन वेगवेगळे नकार एकमेकांत मिसळले जात आहेत, असे मला वाटते. अनुभव नाही असे म्हणणे वेगळे आणि अनुभवाचा मालक नाही असे म्हणणे वेगळे. नागपूरच्या लोकांना तरी हा फरक समजावून सांगावा लागू नये.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी आज जिथे दीक्षाभूमी आहे त्या जागी बाबासाहेबांनी लाखो लोकांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान करणार नाही अशी एक आहे, आणि सर्व प्राणिमात्रांवर दया करीन अशीही एक आहे. पहिलीच्या मुळाशी आत्म्याचा नकार आहे: देह सोडून जाणारे आणि पिंड स्वीकारणारे असे कोणी नाही. दुसरीच्या मुळाशी दुःखाचा स्वीकार आहे: प्राण्याला दुःख होते, ते खरे आहे, आणि त्याबद्दल काही करणे हे आपले काम आहे. आमच्या घरांतून या दोन्ही गोष्टी लहानपणापासून एकत्र शिकवल्या गेल्या, आणि त्यांत विसंगती आहे असे कोणालाही वाटले नाही.

परंपरेतही हेच आढळते. ‘मिलिंदपञ्ह’ या बौद्ध ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला विचारतो की रथ म्हणजे चाके का, आस का, जू का. आणि यांपैकी एकही रथ नाही व यांच्याखेरीजही रथ नाही हे राजाकडून कबूल करून घेतो. ‘नागसेन’ हे नावही तसेच, रूप, वेदना (म्हणजे सुखदुःखाची संवेदना), संज्ञा, संस्कार आणि विज्ञान (म्हणजे जाणीव) या पाच स्कंधांना, म्हणजे घटकसमूहांना, दिलेले. पण लक्षात घ्यावे की या पाचांत वेदना आणि विज्ञान आहेत. मालक वजा केला, वेदना वजा केली नाही. ‘धम्मपदा’ची पहिलीच गाथा ‘मनोपुब्बङ्गमा धम्मा’ अशी आहे. मनाला अग्रस्थान देणारा आणि आत्म्याला कोणतेच स्थान न देणारा हा विचार आहे.

याच्या उलट बाजूने शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्यात म्हणतात, ‘य एव हि निराकर्ता तदेव तस्य स्वरूपम्’, म्हणजे जो नाकारतो आहे तेच त्या आत्म्याचे स्वरूप. ‘मी विचार करतो, म्हणून मी आहे’ म्हणणाऱ्या देकार्त यांनी १६४१ मध्ये जवळपास तोच मार्ग धरला. मला या युक्तिवादाचे बळ मान्य आहे, पण त्यातून जेवढे काढले जाते तेवढे निघत नाही. जर्मन विचारवंत लिश्टेनबर्ग यांनी अठराव्या शतकातच सुचवले होते की ‘मी विचार करतो’ याऐवजी, ‘वीज चमकते’ म्हणतो तसे ‘विचार होतो आहे’ एवढेच म्हणावे. नाकारणे घडते आहे, म्हणून जाणीव आहे, इथपर्यंत मी येतो. नाकारणारा नित्य आणि एकच आहे, हे त्या वाक्यात कुठेही नाही.

बाबासाहेबांच्या निर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात देह आणि विज्ञान यांच्या संबंधासाठी विद्युत क्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र यांचा दृष्टान्त दिला आहे: जिथे पहिले तिथे सोबत दुसरे, तसेच देह आणि जाणीव यांचे नाते का असू नये? मूळ प्रश्न भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी विचारला आहे, म्हणून या दृष्टान्ताविषयी त्यांचे मत जाणून घ्यायला आवडेल.

प्रश्नकर्त्याचे उत्तर: महाल

आपणा तिघांचा आभारी आहे. दृष्टान्ताविषयी आधी लिहितो. स्थिर विद्युत प्रभाराभोवती, त्याच्या सापेक्ष स्थिर असलेल्या निरीक्षकाला, विद्युत क्षेत्र मिळते, चुंबकीय क्षेत्र मिळत नाही. प्रभार वाहू लागला किंवा विद्युत क्षेत्र बदलू लागले की चुंबकीय क्षेत्र येते. त्यामुळे माझ्या मते हा दृष्टान्त आणखी नेमका करता येतो: नुसता देह पुरेसा नाही, देहात काही विशिष्ट घडामोड चालू असावी लागते. डॉक्टरांच्या टेबलावरचा गाढ भुलीतला देह जिवंतच असतो, पण ती घडामोड थांबलेली असते. शिवाय मॅक्सवेल यांच्या समीकरणांनी १८६० च्या दशकात या दोन क्षेत्रांचे नाते नेमक्या नियमांत बांधले. देह आणि जाणीव यांच्यासाठी अशी समीकरणे आज आपल्याकडे नाहीत, आणि माझ्या अस्वस्थतेचे खरे मूळ तिथे आहे.

इंदोऱ्याच्या मित्रांनी केलेला मालक आणि अनुभव हा भेद मला कॅलरिकच्या हकीकतीतही दिसतो. कॅलरिक गेले तेव्हा उष्णता गेली नाही. उष्णता कशाची बनलेली आहे याविषयीचे मत तेवढे गेले. तापमानाचेही तसेच आहे: एकट्या रेणूला तापमान नसते, आणि तरीही मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो तेव्हा त्या तापमानाने माणसे दगावतात. विश्वास आणि इच्छा या अर्थाने खऱ्या आहेत, हे रामदासपेठच्या ताईंचे म्हणणे मी स्वीकारतो.

पण वेदनेला हे लागू करताना मी अडतो. रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा दिली की तापमान किती ते गणिताने निघते, मागे काहीच उरत नाही. मेंदूतील सर्व पेशींचा हिशेब दिला, तरी त्यातून दुखणे निघते असे कोणी दाखवलेले नाही. डेव्हिड चाल्मर्स यांनी १९९५ मध्ये ज्याला जाणिवेचा अवघड प्रश्न म्हटले, तो हाच असावा.

उत्तर: रामदासपेठ

होय, हाच तो प्रश्न, आणि तो आपण अगदी नेमक्या जागी आणून ठेवला आहे. भ्रमवाद्याचे उत्तर असे की मेंदूच्या हिशेबातून ‘दुखणे’ निघत नाही, याचे कारण आपण ‘दुखणे’ या नावाखाली मेंदूने दिलेला एक चुकीचा तपशील आधीच गृहीत धरून बसलो आहोत. म्हणून त्यांच्यासाठी संशोधनाचा प्रश्न बदलतो: अनुभव कुठून येतो, याऐवजी आपल्याजवळ असा अवर्णनीय अनुभव आहे असे आपण इतक्या ठामपणे का म्हणतो, हे शोधायचे. खुद्द चाल्मर्स यांनीही २०१८ मध्ये हा दुसरा प्रश्न स्वतंत्रपणे अभ्यासण्याजोगा आहे असे लिहिले, जरी भ्रमवाद ते मानत नाहीत. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावर पहिला विरून जाईल, असे मला वाटते. तो तसाच उभा राहील, असे आपल्याला वाटते. आज उपलब्ध असलेल्या पुराव्याने हा मतभेद मिटणारा नाही.

उत्तर: धंतोली, भूलतज्ज्ञ

एक माहिती जोडतो, कारण ती दोन्ही पक्षांना अडचणीची आहे. २००६ मध्ये एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी, बाहेरून कोणताही प्रतिसाद न देणाऱ्या एका तरुणीला, मेंदूचे स्कॅन चालू असताना, आपण टेनिस खेळत आहोत अशी कल्पना करायला सांगितले. निरोगी माणसाच्या मेंदूत जो भाग अशा वेळी जागा होतो तोच तिच्या मेंदूत जागा झाला. २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात, आज्ञेला कोणताही दृश्य प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांत अशा प्रकारे आज्ञा समजून पाळल्याच्या खुणा मेंदूत सापडल्या.

ताई म्हणतील की ही चाचणीसुद्धा मेंदूचे कार्यच मोजते, आणि ते खरे आहे. सर म्हणतील की त्या कार्यामागे अनुभव आहे म्हणूनच आपल्याला त्या साठ जणांची काळजी वाटते, आणि तेही मला खरे वाटते. माझा प्रश्न उरलेल्या १८१ जणांबद्दल आहे. ही चाचणी पार करायला भाषा समजावी लागते, लक्ष टिकवावे लागते, सूचना मनात धरून ठेवावी लागते. हे काहीही जमत नसताना नुसते दुखणे शक्य आहे; नवजात बालकांनी आम्हाला तेवढे तरी शिकवले आहे. म्हणून चाचणीत खूण मिळाली नाही, एवढ्या कारणावरून मी अशा रुग्णाचे वेदनाशामक बंद करत नाही. ज्यांच्याजवळ यापेक्षा चांगली कसोटी असेल त्यांनी ती इथे जरूर मांडावी.